सातव्या थरातलं नाव

लग्नाआधी त्या माझ्या बाई होत्या, लग्नानंतर आई झाल्या. फरक फारसा पडला नाही. आधी माझ्या प्रबंधातल्या चुका काढायच्या, मग माझ्या आमटीतल्या काढायला लागल्या, आणि दोन्हीकडे त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं, हे मला आजही त्यांच्या तोंडावर कबूल करवत नाही. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं म्हणतात. आमच्याकडे सासूचे चार दिवस संपायचं नावच घेत नव्हते.

आमच्या घरात दोघी बायका खडकांची वयं सांगतात आणि एकटा पुरुष दात काढतो. नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याची झिजलेली ड्रिलं मी प्रयोगशाळेत नेते आणि दगडात अडकलेले शंख त्या ड्रिलांनी मोकळे करते. दोन्ही कामं सारखीच आहेत, फक्त हिचे पेशंट ओरडत नाहीत, असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणे दर वेळी हसतात. मी आता हसत नाही.

ज्युरासिक म्हटलं की लोकांना डायनासोर आठवतात. धूड मोठं, म्हणून नावही मोठं. पण खडकाचं वय ठरवायला त्या धुडाचा काडीचा उपयोग नाही. तिथे लागतो अमोनाइट. मेंढ्याच्या शिंगासारखा गोल वळलेला शंख, आत राहणारा प्राणी माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, गोतातला. हे प्राणी समुद्रभर पसरायचे आणि त्यांची एकेक जात थोडकी वर्षं टिकून नाहीशी व्हायची. थोडकी म्हणजे काही लाख. आमच्या धंद्यात ती थोडकीच. जुन्या फोटोतल्या पँटच्या पायाची रुंदी बघून साल सांगता येतं ना, तसंच हे. कुठल्या थरात कुठला अमोनाइट आहे ते बघायचं. डोंगराच्या अलीकडच्या थरात आणि पलीकडच्या थरात तोच सापडला, तर ते दोन्ही थर एकाच काळातले, मधे कितीही अंतर असो.

आमच्या भागातल्या थरांचा क्रम आईंनी आणि माझ्या सासऱ्यांनी लावला. शहराबाहेरच्या सिमेंटच्या खाणीत दोघं तरुणपणी काम करायचे. खाण जसजशी खोल जाते तसतसा काळ मागे जातो. वरून सहा थर त्यांनी मिळून तपासले. सहाव्या थरात सासऱ्यांना मोटारीच्या स्टिअरिंगएवढा एक अमोनाइट सापडला. नवी जात होती. त्यांनी तिला आईंचं नाव दिलं. तेव्हा दोघांचं लग्नही व्हायचं होतं. शास्त्रीय मासिकात आपलं नाव छापून आलेलं बघून आपल्या वडिलांनी जेवण सोडलं होतं, असं आई सांगायच्या, आणि हे सांगताना अजून लाजायच्या.

लग्न झालं. खाण आणखी खोल गेली, सातवा थर उघडा पडला, आणि त्याच वर्षी सासरे ताप डोक्यात जाऊन आठवड्याभरात गेले. आई त्या वेळी दोन जिवांच्या होत्या. तरी सातवा थर त्यांनीच तपासला. तिथे त्यांना मुठीत मावेल असा एक छोटा अमोनाइट ढिगाने सापडला. तोंडाशी दोन्ही बाजूंना कानांसारख्या पाती, अंगावर दुभंगणाऱ्या बारीक कडा. हा छोटा सहाव्या थरातही होता, तिथे आईंच्या नावाच्या त्या मोठीच्या सोबत. सातव्यात मात्र एकटाच. त्याला आईंनी सासऱ्यांचं नाव दिलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या थरांच्या आणि काळांच्या तक्त्यात सर्वांत खालचा काळ सासऱ्यांच्या नावाने ओळखला जातो.

माझ्या नवऱ्याने वडिलांना पाहिलेलं नाही. त्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर त्या छोट्यांपैकी एक असतो. लहानपणी कोणी घरी आलं की तो हा दगड दाखवून सांगायचा, "हे माझे बाबा." लोक चपापून आईंकडे बघायचे. आईंना मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही.

हे सगळं सुखात चाललेलं असताना तक्त्याची नवी आवृत्ती काढायचं ठरलं आणि आमच्या भागाचं काम समितीने माझ्या गळ्यात घातलं. मी हौसेने होकार दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

झालं असं, की संग्रहातली एक मोठी काढताना माझ्या हातून फुटली. बाहेरचे गुळगुळीत वेढे गळून पडले आणि आतले, म्हणजे त्या प्राण्याच्या लहानपणचे वेढे उघडे पडले. त्यांवर दुभंगणाऱ्या बारीक कडा होत्या. मी शेजारच्या खणातला छोटा आणून त्याला लावला. कडा मोजल्या, वळण मोजलं, आतल्या पडद्यांची नक्षी भिंगाखाली ताडून बघितली. कान सोडले तर एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मग आणखी दोन मोठ्या मी मुद्दाम फोडल्या. तेच.

या प्राण्यांत मादी मोठी आणि नर छोटा असायचा असं मानतात. मादीला अंड्यांसाठी जागा लागायची. नराचे कान कशासाठी होते ते कोणालाच ठाऊक नाही. ऐकून घेण्यासाठी असावेत, असं आमच्या खात्यात चेष्टेने म्हणतात. अनेक ठिकाणी असे नर आणि माद्या आधी वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदले गेले आणि नंतर कळलं, की हे नवराबायको आहेत. आता तेच आमच्या घरात निघालं होतं. आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील, तर आमच्याकडे नियम साधा आहे. आधीचं राहतं, नंतरचं बाद होतं.

बाद होणार होतं ते सासऱ्यांचं नाव. तक्त्यातून तो काळच पुसला जाणार होता. डोंगरापलीकडे रस्त्याच्या कापात सर्वांत खालच्या थरात मोठी आणि छोटा नेहमी एकत्रच मिळतात. त्यामुळे तिथे सासऱ्यांचा काळच नाही, काही लाख वर्षांचा खडक वाहून गेला आहे, असं गेली पन्नासेक वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत होतो. मी स्वतः शिकवलं होतं. आता दिसत होतं, की वाहून वगैरे काही गेलेलं नाही. पलीकडचा तो थर आमच्या सहाव्या-सातव्याच्याच काळातला.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. सातव्या थरात छोटा एकटा कसा?

रात्रीची भांडी घासताना मी नवऱ्याला सांगितलं. मी घासते, तो पुसतो, आणि आमची सगळी महत्त्वाची बोलणी तिथेच होतात. तो बराच वेळ एकच ताटली पुसत राहिला. मग त्याने विचारलं, की म्हणजे बाबांचं नाव जाणार का. मी हो म्हटलं. आईचं? आईंचं राहील, ते आधीचं.

"आई अठ्ठ्याहत्तरची आहे," तो म्हणाला. "तुझे खडक सोळा कोटी वर्षं थांबलेत. अजून थोडे थांबतील."

मी त्याला सांगितलं, की कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी नाही लिहिलं तर दुसरं कोणी तरी लिहील. तर मग लिहू दे दुसऱ्याला, असं म्हणून त्याने फडकं टांगलं आणि तो आत निघून गेला. मला फार राग आला.

पुढचे काही दिवस मी चहाच्या वेळी आईंना आडून आडून विचारत राहिले. सातवा थर फोडायला कठीण होता का? तुकडे किती गोळा केले होते? सोबतीला कोण असायचं? आई उत्तरं द्यायच्या आणि बिस्किटं मोडून चहात बुडवायच्या. एक दिवस त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं.

"ताकाला येऊन भांडं काय लपवतेस? सापडलंय काय ते सांग."

मी सांगितलं. संग्रहातून आणलेली फुटकी मोठी आणि छोटा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी भिंग मागितलं, खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि त्या बघत बसल्या. चहावर साय धरली. मला परीक्षेला बसल्यासारखं होत होतं, वास्तविक या वेळी पेपर त्यांचा होता.

शेवटी त्या म्हणाल्या, की आतले वेढे सारखे आहेत हे मान्य, पण सारखं दिसणं म्हणजे एक असणं नव्हे. जुळ्या बहिणीही सारख्या दिसतात. सातवा थर काय म्हणतो ते बघायला हवं. महिनाभर त्या तिथे होत्या आणि टेबलावर एकही मोठी आली नव्हती. "तिथे काय नुसते नवरेच राहायला गेले होते?"

टेबलावर आली नव्हती, हे त्यांचे शब्द मी नीट ऐकले, कारण तो त्यांचा नियमच आहे. खाणीच्या भिंतीत दिसलं ते मोजायचं नाही. काढायचं, आणायचं, साफ करायचं, आणि टेबलावर जे ओळखता येईल तेवढंच मोजायचं. विद्यार्थिनी असताना मी भिंतीत बघून तीन शंख मोजले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला हे शास्त्रात चालत नाही, असं मला सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागलं होतं. नियम चांगला आहे. मीही आता मुलांना तेच ऐकवते.

मी म्हटलं, थर पुन्हा बघावा लागेल. त्या म्हणाल्या, बघू, घोडामैदान जवळच आहे, आणि मी पण येणार. मग छोटा उचलून त्यांनी पदराने पुसला, पुसायची काही गरज नसताना. त्या थरासाठी भांडत नव्हत्या हे मला कळत होतं. सासऱ्यांचं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं, आईंच्या नि माझ्या नवऱ्याच्या कागदपत्रांवर आणि सातव्या थरात. मला त्यांची दया आली, आणि दया आलेली त्यांना मुळीच आवडली नसती, म्हणून मी कप उचलून आत गेले.

नवरा आमच्यावर चिडला होता, पण गाडी चालवायला तोच आला. खाणीच्या फाटकावर मुकादमाने आम्हाला हेल्मेटं दिली. आईंचं हेल्मेट अंबाड्यावर बसेना. नियम म्हणजे नियम, असं मुकादम म्हणाला. आईंना नियमाचा माणूस आवडतो. त्यांनी अंबाडा सोडला आणि पांढरी वेणी पाठीवर टाकून त्या घडीच्या खुर्चीवर, भिंतीपासून सुरक्षित अंतरावर बसल्या. नवरा गाडीतच वर्तमानपत्र उघडून बसला.

खाणीचं काम आता दुसऱ्या बाजूला सरकलंय, पण जुना कोपरा तसाच आहे. तिथला दगड मातकट, सिमेंटला चालत नाही. सातवा थर राखाडी चिकणमातीच्या दोन पट्ट्यांमधे, गुडघ्याच्या उंचीवर. मी छिन्नी लावली. पहिल्या तासाभरात छोटेच मिळाले, एकामागून एक. मी एकेक नेऊन आईंच्या मांडीवर ठेवत होते आणि त्या रांग लावत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग चढला होता. मला वाटलं, माझंच चुकलं असेल तर किती बरं होईल. शास्त्रात असं वाटू नये, पण वाटलं.

मग छिन्नी एका वाकड्या रेषेवर घसरली. मी ब्रशने माती झाडली. रेषा वळत गेली, मातीत शिरली, हातभर अंतरावर पुन्हा बाहेर आली. मी आईंना सांगितलं, की भिंतीत काहीतरी मोठं आहे. भिंतीतलं सांगू नकोस, टेबलावर आण, असं उत्तर आलं.

तो धोंडा सुटायला दुपार झाली. बाहेरचा वेढा गुळगुळीत होता, आणि तेवढ्यावरून नाव सांगता येत नाही हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आतलं बघायला तो आईंजवळ न्यायला हवा होता. मी हलवून बघितला, हलला. उचलून बघितला, कमरेने साफ नकार दिला. मग मी गाडीकडे बघून नवऱ्याला हाक मारली.

तो आला. त्याने बाह्या वर केल्या, धोंडा पोटाशी धरला आणि ओझ्याने मागे झुकून, पाय फाकवून, एकेक पाऊल टाकत आईंकडे निघाला. पांढऱ्या शर्टाचं मातेरं झालं. आई धोंड्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, पोटाशी ओझं घेऊन येणाऱ्या आपल्या मुलाकडे.

त्याने धोंडा त्यांच्या पायाशी ठेवला. मी बाहेरच्या वेढ्याचा एक तुकडा छिन्नीने उडवला. आत बारीक कडा होत्या, दुभंगलेल्या. मी भिंग पुढे केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही.

"मोठ्या उचलायचे ते हे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मी छोटे गोळा करायचे, मोठ्या ह्यांच्या खांद्यावर. त्या वर्षी हे नव्हते. आणि हा पोटात होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं, बादलीसुद्धा उचलायची नाही."

मी विचारलं, की मग भिंतीत दिसल्या नव्हत्या का.

"दिसल्या असतील. मी बघितल्याच नाहीत. टेबलावर येणार नव्हत्या, त्या कशाला बघायच्या?"

मुकादम लांबून बघत होता. सातव्या थरात मोठी नव्हती असं नाही. सातव्या थरातून मोठी घरी आणायला माणूस नव्हता. त्या नसलेल्या माणसाच्या जागेला आम्ही एक अख्खा काळ म्हणत आलो होतो, आणि मी तो फळ्यावर काढून मुलांना पाठ करायला लावला होता. माझे डोळे भरून आले. धूळ गेली असं मी सांगितलं आणि कोणाला ते खरं वाटलं नाही.

नवरा आईंशेजारी उकिडवा बसला. तो हळूच म्हणाला, की आई, हे इथेच राहू दे, आपण तिघांनीच पाहिलंय. मला त्या वेळी त्याचा राग आला नाही. उलट मीच पुढे होऊन सांगितलं, की एक वाट आहे. जुनं रुळलेलं नाव राखावं म्हणून प्राण्यांची नावं ठरवणाऱ्या मंडळाकडे अर्ज करता येतो. कारणं द्यावी लागतात, पण मी देईन, खटपट करीन.

आईंनी मांडीवरचे छोटे एकेक करून त्या मोठीच्या कडेला ठेवले. सगळे ठेवून झाल्यावर हात झटकले.

"लग्न झालं तेव्हा माझं नाव टाकून मी ह्यांचं लावलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणी अर्ज केला नव्हता. आता ह्यांना माझं लावू दे. चांगलं दिसेल त्यांना."

आणि त्या हसल्या. मग बराच वेळ रडल्या, हेल्मेट घालूनच. नवऱ्याने त्यांचा हात धरून ठेवला होता.

लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला. म्हणजे मी लिहिला आणि त्यांनी चुका काढल्या. सातव्या थरात आधी मोठ्या का नोंदल्या गेल्या नव्हत्या याचं कारण द्यायला हवं होतं. मी लिहिलं होतं, 'संकलनातील मर्यादांमुळे'. आईंनी ते खोडलं. मर्यादा म्हणजे काय, ते वाचणाऱ्याला कळायला हवं, असं म्हणाल्या आणि आपल्या बारीक अक्षरात समासात लिहिलं: 'त्या हंगामात संकलन करणारी व्यक्ती एकटी व गरोदर होती. जड नमुने उचलता आले नाहीत.'

कच्चा मसुदा जेवणाच्या टेबलावर पडला होता. दवाखान्यातून आल्यावर नवरा तो उभ्याउभ्याच वाचायला लागला. एरवी माझे लेख तो वाचत नाही. झोप येते म्हणतो. समासापर्यंत आला आणि थांबला. मला वाटलं, आता पुन्हा नावाचा विषय निघणार.

"एकटी कुठे?" तो आईंना म्हणाला. "मी होतो की."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला, मी पेन दिलं, आणि त्यांनी 'एकटी व' एवढं खोडलं.